फूल हुंगून दाखवणारी मुलगी : तान्ह्यांना खुणा शिकवण्याचं एक प्रकरण

काळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा, ठिकाण कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. वर्षभराची एक मुलगी बागेतल्या गुलाबाकडे बोट दाखवते, नाक आक्रसते आणि सूं सूं करत हुंगून दाखवते. आपल्याकडे आजी म्हणाली असती, "अगं बाई, वास कळायला लागला की हिला!" आणि विषय तिथेच संपला असता. इथे तो संपला नाही. मुलीची आई लिंडा ॲक्रेडोलो कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्राची प्राध्यापक होती, आणि लहान मुलं हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे चित्रातलं फूल दिसलं तरी मुलगी तसंच हुंगायला लागली. कागदाला कसला आलाय वास? म्हणजे ती वास घेत नव्हती, 'फूल' म्हणत होती.

माशाची गोष्ट याहून मजेशीर आहे. एका फिशटँकसमोर ही मुलगी तोंडाचा चंबू करून फुंकर मारायला लागली. मासे आणि फुंकर यांचा काय संबंध, हे कोणालाच कळेना. मग उलगडा झाला. तिच्या पाळण्यावर माशांचं खेळणं टांगलेलं होतं आणि रात्री झोपवताना आई फुंकर मारून ते हलवायची. मुलीच्या हिशेबात जे फुंकरीने हलतं ते मासा. कोळ्यासाठी तर तिने बडबडगीतातली बोटांची हालचालच उचलली होती. यातलं काहीही तिला शिकवलेलं नव्हतं.

ॲक्रेडोलो आणि तिची सहकारी सुसान गुडविन यांनी या एकाच मुलीच्या खुणांची नोंद ठेवली आणि १९८५ साली शोधनिबंध म्हणून छापली. म्हणजे मुळात हाच एक प्रकरण अभ्यास होता. आज 'बाळाला साइन लँग्वेज शिकवा, लवकर बोलेल, हुशार होईल' अशा ज्या जाहिराती मोबाइलवर येतात, त्यांचा उगम बऱ्याच अंशी या एका बागेत आहे. एका मुलीच्या निरीक्षणातून इतका मोठा दावा कसा उभा राहिला, त्यातलं खरं किती आणि तो भलत्याच पत्त्यावर कसा पोचला, हे पाहण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे.

पहिला प्रश्न अर्थातच हा, की मुलगी असामान्य होती का? १९८८च्या निबंधात दोघींनी इतर मुलांकडे पाहिलं आणि उत्तर 'नाही' असं आलं. बोलायला लागण्याच्या आधी आणि सुरुवातीला बरीच मुलं आपापल्या खुणा तयार करतात. काही खुणा आईबापांबरोबरच्या रोजच्या खेळांतून येतात, काही वस्तू हाताळण्यातून. यात मराठी घराला नवल वाटायचं कारण नाही. बाप्पाला 'जय' करणं, 'टाटा', दोन्ही हात उलटे करून 'संपलं', दाराकडे हात करून 'भुर्र', तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालणं, हे सगळं आपण दहाव्या-अकराव्या महिन्यापासून करवून घेतोच. त्याला कोणी शास्त्र म्हणत नाही, इतकंच.

हात तोंडाच्या पुढे का असतात, याचं कारण सरळ आहे. बोलायला जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो, आणि त्या हालचाली बाळाला दिसतही नाहीत. हाताची मूठ समोर दिसते, आई ती धरून वळवू शकते आणि चुकली तरी ओळखू येते. अमेरिकन सांकेतिक भाषेत दूध म्हणजे धार काढल्यासारखी मूठ उघडझाप. ती बहुतेक बाळांना जमते. 'अजून' म्हणजे दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकांवर टोकं टेकवणं. बाळाच्या हातात त्याची कधी टाळी होते, कधी एक बोट दुसऱ्या तळव्यात खुपसलं जातं. घरच्यांना कळतं, पाहुण्यांना वाटतं बाळ टाळ्या वाजवतंय. बोबडे बोल असतात तशा या बोबड्या खुणा.

इथवर सगळं निरीक्षण होतं. यानंतरचं पाऊल वेगळं होतं. मुलं आपणहून खुणा करतात, तर मुद्दाम शिकवल्या तर काय होईल? अमेरिकी सरकारच्या बालआरोग्य संस्थेचा पैसा मिळाला आणि ११ महिन्यांची १०३ बाळं घेऊन प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००० साली छापून आले. एका गटातल्या आईबापांना आठ खुणा दिल्या: मासा, फूल, पक्षी, विमान, बेडूक, 'कुठे आहे?', 'अजून' आणि 'संपलं'. शब्द उच्चारताना खूणही करायची, आणि जमल्यास अशा आणखी खुणा घरच्या घरी तयार करायच्या. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. तिसरा गट या आखणीतला सगळ्यात शहाणा भाग होता. त्यातल्या आईबापांना खुणा नाही, शब्दांवर भर द्यायला सांगितलं. कारण उघड आहे. 'तुमच्या बाळाच्या भाषेवर संशोधन चाललंय' असं सांगितलं की कुठलेही आईबाप बाळाशी जरा जास्तच बोलायला लागणार. मग फरक खुणांमुळे पडला की या जास्तीच्या बोलण्यामुळे, हे ओळखायला असा गट लागतोच. पुढच्या काळात याच विषयावर जे प्रयोग झाले, त्यातल्या कित्येकांनी एवढीही काळजी घेतलेली नाही.

मुलांना तिसऱ्या वाढदिवसापर्यंत वेळोवेळी तपासलं. खुणा शिकलेली मुलं बोलण्यात मागे पडली नाहीत. भाषेच्या बऱ्याच चाचण्यांत, काहीच न सांगितलेल्या गटापेक्षा ती दुसऱ्या वर्षात पुढे होती. मात्र ही आघाडी टिकली नाही. तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला ती पुसट होत गेली.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात पक्का निष्कर्ष यातल्या पहिल्या वाक्यात आहे. खुणा केल्याने मूल बोलायला उशीर करत नाही. घराघरांत सासूबाई सुनेला ऐकवतात, "अगं, हातवारे शिकवलेस तर तोंड उघडेल कशाला ते?" त्या भीतीला या अभ्यासात आधार सापडला नाही, पुढच्याही अभ्यासांत नाही. पण 'अपाय नाही' यावर पुस्तकं खपत नाहीत. खपतो तो फायदा.

आणि फायदा सापडला. त्यातली काही मुलं आठ वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्ध्यांक चाचणी घेतली. खुणा शिकलेल्या गटाची सरासरी ११४ आली, तुलनेच्या गटाची १०२. बारा गुणांचा फरक! हा आकडा आजही जाहिरातींतून फिरतो. तो कुठून आला हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. २००० साली एका परिषदेत तो मांडला गेला, आणि त्यामागे खुणा गटातली १९ आणि तुलनेच्या गटातली २४ मुलं होती. सुरुवातीची १०३ मुलं आठवा. सात वर्षांनी परत कोण आलं आणि कोण आलं नाही, याचाच परिणाम एवढ्या लहान संख्येवर केवढा होऊ शकतो. शिवाय मधल्या काळात पुसट झालेला भाषेतला फरक आठव्या वर्षी बुद्धीतला ठळक फरक म्हणून कसा उगवतो, याचा धागा मला तरी लागत नाही. परिषदेत मांडणं गैर नाही, संशोधनात कच्ची फळं आधी परिषदेतच येतात. ती पिकली असं समजून विकणं गैर.

१९९६ साली ॲक्रेडोलो आणि गुडविन यांचं आईबापांसाठीचं पुस्तक बाजारात आलं आणि पुढे त्याच नावाने वर्ग, साहित्य आणि प्रशिक्षण असा पसारा उभा राहिला. त्याच दशकात जोसेफ गार्सिया या दुभाष्याने दुसरी वाट धरली. घरी बनवलेल्या खुणांऐवजी त्याने अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणा तान्ह्यांसाठी आणल्या. इंग्लंडमध्ये आई-बाळांचे वर्ग निघाले. २०१२ साली काही संशोधकांनी ३३ संकेतस्थळांवरचे दावे तपासले, तर आधार म्हणून दिलेला बहुतांश मजकूर मतप्रदर्शन किंवा मालाची जाहिरात निघाला.

पुराव्यांची झाडाझडती त्याआधीच झाली होती. २००५ साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे १७ अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या बहुतेकांनी फायदा झाल्याचं म्हटलं होतं, पण आखणीतल्या उणिवा इतक्या होत्या की फायदा सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

मग २०१३ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठातल्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. माझ्यापुरता हा या प्रकरणातला निर्णायक दस्तऐवज आहे. आठ महिन्यांची चाळीस बाळं, चार गट. एका गटाला ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा, एकाला साध्या हातखुणा, एकाला फक्त शब्द, आणि एका गटाला काहीच नाही. कोणती आई कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, आयांच्या हौसेवर सोडलं नव्हतं. वीस महिन्यांपर्यंत पाठपुरावा झाला. बाळं खुणा शिकली, आणि त्या त्या वस्तूचा शब्द येण्याआधी शिकली. पण एकूण भाषाविकासात कोणताही गट पुढे गेला नाही.

फरक सापडला तो आयांमध्ये. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोलता केलेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होत्या आणि बाळाला स्वतःहून काही करू द्यायला जास्त उत्तेजन देत होत्या. खूण शिकवायची तर बाळाच्या समोर बसावं लागतं, त्याची नजर कुठे आहे ते पाहावं लागतं, खूण करून थांबावं लागतं. आणि मग त्या गुबगुबीत हातांनी जे काही केलं ती खूण होती की नुसती वळवळ, हे ठरवायला निरखून पाहावं लागतं. बाळाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेण्याची सवयच लागते. बदलते ती शिकवणारी.

हा फायदा मला लहान वाटत नाही. वर्ष ते दीड वर्षाच्या मधल्या काळात बरंचसं रडणं 'काय हवंय ते कळत नाही' याचं असतं. पाणी हवं की उचलून घ्यायला हवं, हे हाताने कळलं तर घरातला बराच कलकलाट कमी होतो. पण त्यासाठी वर्गाची फी भरायची गरज नाही. 'दूध', 'अजून', 'संपलं', 'दुखतंय' एवढ्या चार खुणा ठरवा, शब्द मोठ्याने म्हणताना खूण करा, आजी-आजोबांनाही त्याच शिकवा. काही आठवडे बाळ नुसतं बघत बसेल, आणि मग एके दिवशी वरणभाताच्या ताटलीपुढे दोन मुठी एकमेकींवर आपटेल. शब्द यायला लागले की खुणा आपोआप गळून पडतात. ऐकू येणाऱ्या मुलासाठी प्रकरण इथे मिटतं. केलंत तर छान, नाही केलंत तरी काही बिघडत नाही.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मात्र ते मिटत नाही, आणि जाहिरातींच्या गदारोळात नेमकं तेच बाळ बाजूला पडलं.

चार-आठ हातखुणा ही सांकेतिक भाषा नव्हे. भाषेला व्याकरण असतं. अमेरिकन, ब्रिटिश, भारतीय सांकेतिक भाषांना ते आहे, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, मान, चेहरा हे व्याकरणाचाच भाग असतात. अशा भाषेत वाढणारी बाळं बोलक्या घरातल्या बाळांसारख्याच पायऱ्या चढतात. लॉरा-ॲन पेटिटो आणि पाओला मॅरेंटेट यांनी १९९१ साली दाखवलं, की कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात. आपली बाळं 'बाबाबा', 'दादादा' करतात तशीच लयीत, अर्थ नसलेली, त्याच त्याच हातांच्या आकारांची बडबड. जपानमध्ये नोबुओ मासाताका यांना दिसलं, की कर्णबधिर आया बाळाशी बोलताना खुणा संथ करतात, मोठ्या करतात, पुन्हा पुन्हा करतात. आपण लाडात येऊन आवाज लांबवतो ना, तेच हातांनी.

अशा घरात जन्मलेलं बाळ भाषेच्या बाबतीत सुखरूप असतं. पण दहातल्या नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांच्या घरात भाषा भरपूर असते, ती त्यांच्यापर्यंत पोचत मात्र नाही. आणि नेमक्या याच आईबापांना कित्येक दशकं सांगितलं गेलं, की हातवारे करू नका, केलेत तर मूल बोलायचं नाही. या सल्ल्याची मुळं १८८०च्या मिलान परिषदेपर्यंत जातात. कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या त्या परिषदेत वाचेला पसंती देऊन खुणा वर्गाबाहेर काढण्याचा ठराव झाला होता. कर्णबधिर लोकांची कळकळीची तक्रार आहे ती हीच. ऐकू येणाऱ्या बाळाला खुणा शिकवल्या तर त्याचं कौतुक, ज्याची ती गरज आहे त्याला मात्र मनाई. सासूबाईंची भीती डेव्हिसमध्ये खोटी ठरल्यावरही दवाखान्यांतून ती सल्ला म्हणून फिरतच राहिली.

नॅओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांच्या २०२१च्या अभ्यासाने याला थेट उत्तर दिलं आहे. आईबाप ऐकू येणारे असले, स्वतः नव्याने अमेरिकन सांकेतिक भाषा शिकत असले, तरी सहा महिन्यांच्या आत जे बाळ त्या भाषेच्या संपर्कात आलं, त्याचा शब्दसंग्रह वयाला साजेसा वाढला. आईबापांनी आधी अस्खलित व्हायला हवं, मग बाळाशी बोलायला हवं, असं नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. २०१७ साली ॲन गिअर्स आणि सहकाऱ्यांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेलं आणि श्रवणतंतूंना थेट संकेत देणारं यंत्र, असलेल्या ९७ मुलांचा पाठपुरावा छापला. ज्यांच्या घरी खुणा वापरल्या नव्हत्या, त्यांचं बोलणं आणि वाचन सरस होतं. हा अभ्यास हलका नाही. त्यावर आक्षेप असा आला, की त्यातल्या बहुतेक घरांत वापरल्या जात होत्या त्या इंग्रजी बोलता बोलता जोडलेल्या तुटक खुणा, पूर्ण सांकेतिक भाषा नव्हे. शिवाय ज्या मुलाचं बोलणं पुढे सरकत नाही त्याच्याच घरी खुणा जास्त काळ चालू राहतात. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? २०१४च्या एका छोट्या अभ्यासात, कर्णबधिर आईबापांची, जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेली आणि नंतर इम्प्लांट झालेली मुलं इंग्रजीत अशाच घरातल्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने उतरली होती. तेव्हा खुणा म्हणजे बोलण्याचा शत्रू असं म्हणायला जागा उरत नाही. इम्प्लांट किंवा सांकेतिक भाषा, यांतलं एकच निवडा, ही सक्ती पुराव्याने घातलेली नाही.

महाराष्ट्रातल्या कुटुंबासमोर हा प्रश्न अगदी व्यवहाराच्या रूपात येतो. प्रसूतिगृहात बाळाच्या कानात छोटा प्रोब घालून ओएई तपासणी होते, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते पाहतात, तीही होत असेल तर. नापास झालं तर बेरा, म्हणजे आवाज श्रवणतंतूंतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी. मग श्रवणयंत्र, आणि त्याने भागत नसेल तर इम्प्लांटचा विचार. दिव्यांगांना सहायक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांटसाठी मदत मिळते. पण कागदपत्रं, प्रतीक्षा यादी, शस्त्रक्रिया, यंत्र चालू होणं आणि त्यानंतरची स्पीच थेरपी यांत महिने, कधी वर्षं जातात. यंत्र चालू झाल्या दिवशी मूल ऐकायला शिकत नाही, ते तिथून सुरू होतं. या सगळ्या काळात बाळ मात्र थांबलेलं नसतं. मेंदूला भाषा हवी असते ती आत्ता, आणि त्या घडीला त्याचे डोळे पूर्ण चालू असतात.

मदत नाही असं नाही. वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्याच्या व्हिडिओ शब्दकोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले. हा शब्दकोश गावातल्या मोबाइलवरही उघडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला संवादाचं माध्यम म्हणून जागा आहे. कमी पडतं ते ओपीडीतल्या त्या पाच मिनिटांत. बेराचा रिपोर्ट हातात घेऊन आई विचारते, "डॉक्टर, आता आम्ही काय करायचं?" उत्तर येतं, मशीन लावा, बोलत राहा. हे चूक नाही, अपुरं आहे. जवळच्या कर्णबधिर प्रौढांना भेटा, त्यांच्याकडून दूध, झोप, आजी, पाऊस, नको, ये यांच्या खुणा शिका, यंत्राची वाट पाहत असतानाच शिका, हे वाक्य त्या पाच मिनिटांत बसतं. ते म्हणायला कोणत्याही बुद्ध्यांकाचं आमिष लागत नाही. शक्यतो बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत म्हणावं लागतं, आणि म्हणून प्रसूतिगृहातली ती पहिली कानाची तपासणी चुकवून चालत नाही.